तिसऱ्या रांगेतून तुळजापूर

साडू हे नातं निवडून मिळत नाही. लग्न ठरवताना मुलीची पत्रिका पाहतात, फार तर तिला बहिणी किती हे विचारतात. त्या बहिणींचे नवरे पुढे कोणत्या गाड्या घेणार आहेत, हे कुठल्या ज्योतिषाने आजवर सांगितलेलं नाही. माझ्या सासूबाईंना तीन मुली. मधली माझ्या वाट्याला आली आणि तिच्याबरोबर घरातलं मधलेपणही आलं. थोरले साडू पुण्याचे, चाकणला त्यांचं वर्कशॉप. धाकटे छत्रपती संभाजीनगरचे, शेंद्र्याला त्यांची शेड. थोरल्यांनी मर्सिडीजची जीएलएस घेतली तेव्हा धाकट्यांनी फोन करून तोंडभर अभिनंदन केलं आणि दुसऱ्या दिवशी ऑडीची क्यू सेव्हन बघायला गेले. गाडी माझ्याकडेही आहे. तिचा विषय निघाला की नातेवाईक "हो, ती पण आहे की," म्हणतात आणि चहा मागवतात.

नवी गाडी आली की ती तुळजापूरला आईच्या दर्शनाला न्यायची, हा सासूबाईंच्या माहेरचा शिरस्ता. पूर्वी तो बैलजोडीला लागू होता, मग राजदूत मोटारसायकलला झाला. "दोन्ही गाड्या एकाच दिवशी न्यायच्या," असा त्यांनी हुकूम काढला. "एकीला आधी नेलं तर दुसरीच्या मनाला लागायचं." त्या मुलींबद्दल बोलत होत्या की गाड्यांबद्दल, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मला पंच नेमण्यात आलं. जाताना एका गाडीतून जायचं, येताना दुसरीतून यायचं आणि बसायला कोणती बरी ते सांगायचं. "तुम्हाला गाड्यांतलं काही कळत नाही, म्हणून तुमच्या मताला किंमत," असं थोरले साडू म्हणाले. माझ्या मताला सासुरवाडीत मिळालेली ही पहिली किंमत असल्यामुळे मी ती घासाघीस न करता घेतली.

निघायच्या आदल्या रात्री पुण्यात थोरल्यांकडे जेवणं झाली आणि आकडे बाहेर पडले. पूर्वी साडू एकत्र बसले की पत्ते पिसले जायचे. आता मिलिमीटर.

"आमची पाच हजार दोनशे सात," थोरल्यांनी पहिलं पान टाकलं. ही गाडीची लांबी.

"आमची पाच हजार बहात्तर," धाकटे म्हणाले. "पण वळवायला बरी पडते, साडूभाऊ. पुण्यातल्या गल्ल्यांत तुम्ही ती घालता तरी कशी?"

"घालतच नाही," थोरले म्हणाले. गल्लीत जायला त्यांच्याकडे स्कूटर आहे.

फरक १३५ मिलिमीटरचा, म्हणजे सव्वापाच इंचांचा. एवढ्या जागेत दोन घराण्यांचा मानापमान मावतो, हे मी त्या रात्री पाहिलं. मग पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर निघालं. ऑडीचं जवळपास तीन मीटर, मर्सिडीजचं ३,१३५ मिलिमीटर. जुन्या मारुती ८०० ची नाकापासून शेपटीपर्यंतची पूर्ण लांबी ३,३३५ होती. म्हणजे थोरल्यांच्या दोन चाकांच्या मध्ये आख्खी मारुती ठेवली तर ती जेमतेम वीतभर बाहेर राहील. त्या मारुतीतून आम्ही सात जण लोणावळ्याला जात असू, आणि कुकर वेगळा. हे मी बोलून दाखवलं नाही. पंचाने जुन्या आठवणी काढायच्या नसतात.

मग ताकद. थोरल्यांचं डिझेल इंजिन, तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत, ३६७ हॉर्सपॉवर आणि ७५० न्यूटन मीटर टॉर्क. धाकट्यांचं पेट्रोल, तेही तीन लिटरचं, सहा सिलिंडर व्ही आकारात, ३४० हॉर्सपॉवर, टॉर्क ५००. २०२० मध्ये बीएस-सहाचे नियम आल्यावर ऑडीने भारतात डिझेलला रामराम केला, त्यामुळे धाकट्यांना निवड नव्हती. पण निवड नसलेल्या गोष्टीचाही अभिमान बाळगता येतो. "आमची शून्यावरून शंभरावर ५.६ सेकंदांत जाते," ते म्हणाले. "तुमची ६.१. अर्धा सेकंद आम्ही पुढे."

"त्या अर्ध्या सेकंदात तुम्ही पुढे जाऊन करणार काय?" सासूबाईंनी सुपारी कातरत विचारलं.

थोरल्यांनी "शेवटी जर्मन इंजिनिअरिंग" असं म्हणून विषय आवरता घेतला, आणि तिथे मला राहवलं नाही. जीएलएस जगासाठी बनते ती अमेरिकेत, अलाबामा राज्यात टस्कलूसाजवळ. क्यू सेव्हन बनते स्लोव्हाकियात, ब्रातिस्लाव्हाला. भारतात विकायच्या गाड्यांचे भाग पेट्यांतून येतात आणि इथे जोडले जातात. मर्सिडीजचे चाकणला, ऑडीचे शेंद्र्याला. म्हणजे दोघींचा जर्मनीशी संबंध आडनावापुरता, आणि जन्मदाखला थेट दोघा साडूंच्या वर्कशॉपच्या शेजारचा. एवढ्या लांबून आणलेली सून शेवटी बांधापलीकडच्या वस्तीतलीच निघावी, तसा दोघांचा चेहरा झाला. "पंचांनी विचारलं तेवढंच सांगावं," असं दोघांनी एका सुरात सांगितलं. त्या रात्रीतलं त्यांचं हे एकमेव एकमत.

धाकट्यांकडे हुकमाचं पान होतं. "साडूभाऊ, मर्सिडीजचं कौतुक आम्हाला सांगू नका. २०१० मध्ये आमच्या गावाने एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या." हे खरं आहे. तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योजकांनी, डॉक्टरांनी, बिल्डरांनी गट करून ठोक भावात दीडशे मर्सिडीज उचलल्या, स्टेट बँकेने कमी व्याजात कर्ज दिलं, आणि जर्मनीतल्या साहेबांना मराठवाडा नकाशावर शोधावा लागला असणार. "म्हणून तर मी घेतली नाही," धाकटे पुढे म्हणाले. "आमच्याकडे ती आता कॉमन झालीय."

सासूबाई मर्सिडीजच्या बाजूने झुकल्या, पण कारण वेगळं. थोरल्यांनी त्यांना सांगितलं होतं की मर्सिडीज हे एका मुलीचं नाव. एमिल येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते आपल्या लेकीवरून गाडीला दिलं. "बघा," सासूबाई म्हणाल्या, "बापाने मुलीचं नाव लावलं. आमच्याकडे तीन मुली झाल्या तर तुमच्या सासऱ्यांनी पिठाच्या गिरणीला स्वतःचं नाव दिलं."

किमतीचा आकडा मात्र त्या रात्री कुणी उच्चारला नाही. जीएलएसचं हे डिझेल मॉडेल २०२४ च्या सुरुवातीला आलं तेव्हा एक्स-शोरूम १ कोटी ३७ लाखांना होतं. क्यू सेव्हनचं नवं रूप त्याच वर्षाच्या अखेरीस आलं, ते ८८ लाख ६६ हजारांपासून पुढे. सासूबाईंना दोन्ही गाड्या "वीस-वीस लाखांच्या" म्हणून सांगितल्या आहेत. त्यावरही त्यांनी "एवढे?" म्हणून दोघांकडे संशयाने पाहिलं होतं.

सकाळी सामान भरताना खरी परीक्षा सुरू झाली. गाडीच्या माहितीपत्रकात डिकी लिटरमध्ये मोजतात. हे लिटर कुणी आणि काय ओतून मोजले, देव जाणे. आमच्याकडे डिकी डब्यांत मोजतात. ओटीचं सामान, परडी, पुरणपोळ्यांचे डबे, पाण्याचे कॅन आणि सतरंजी. सतरंजी लागली असा प्रवास मी पाहिलेला नाही, आणि सतरंजीवाचून कुणी निघालंय असाही नाही. अशा गाड्यांत हवेची फुगवणी असलेलं सस्पेन्शन असतं. डिकीतलं बटण दाबलं की गाडी मागून हळूच खाली बसते, म्हणजे जड सामान उचलावं लागत नाही. भाच्याने ते दाबून दाखवलं. सासूबाईंनी गाडीला नमस्कार केला. "दमली बिचारी," त्या म्हणाल्या, आणि एक कॅन कमी करायला लावला.

मग बसायचं. गाडी बनवणारी माणसं सीटवर अफाट अभ्यास करतात. बसलेल्या माणसाच्या कमरेचा सांधा जमिनीपासून किती उंच येतो, यावरून सगळा आराखडा बेततात. बुटक्या गाडीत माणूस उतरतो, ट्रकमध्ये चढतो. या जातीच्या गाडीत तो नुसता बाजूने सरकून बसावा, अशी योजना असते, म्हणून गुडघेदुखीवाल्यांना ती आवडते. ही योजना करताना नऊवारी नेसलेली, पाच फुटांच्या आतली, हातात परडी धरलेली बाई कुणाच्या डोळ्यांपुढे नसावी. सासूबाई दाराखालच्या पायरीवर चढल्या, तिथे थांबून देवीचं नाव घेतलं, मग उलट्या वळून बसल्या, आणि बसल्याबसल्या दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली.

आता पुढच्या सीटला दोन्ही कडांना उंचवटे असतात. वळणावर माणूस बाजूला कलंडू नये म्हणून ते शरीर धरून ठेवतात. मांडी घातल्यावर सासूबाईंचे दोन्ही गुडघे बरोबर त्या उंचवट्यांवर टेकले. थोरल्यांच्या कपाळावर आठी पडली; ते चामडं त्यांनी स्वतः निवडलं होतं. सासूबाई मात्र प्रसन्न झाल्या. "गुडघ्याखाली लोड दिलेत हो! विचार करून बनवलीय." त्या सीटचं याहून मोठं कौतुक कुणी इंजिनिअरने ऐकलं नसेल. माझ्या मते गाड्यांच्या तपशिलात 'मांडी घालता येते का' अशी एक ओळ असायलाच हवी. तेवढं सोडून बाकी सगळं त्यात असतं.

राहिलेल्या जागा आरामाप्रमाणे वाटल्या जात नाहीत, मानाप्रमाणे वाटल्या जातात. पुढे ज्येष्ठ. मधल्या रांगेत खिडकीला घरच्या लेकी. मधल्या रांगेच्या मध्ये, जिथे पायांखालून इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा जातो आणि जमिनीला कुबड येतं, तिथे ज्याला नाही म्हणता येत नाही असा माणूस. आणि तिसऱ्या रांगेत मुलं, सामान आणि 'ती पण आहे की' गाडीचे मालक.

जीएलएसच्या तिसऱ्या रांगेबद्दल कंपनीचं म्हणणं असं की १ मीटर ९४ सेंटिमीटर उंचीपर्यंतचा माणूस तिथे बसू शकतो. माझी उंची ५ फूट ५ इंच. म्हणजे कागदावर माझ्याकडे फूटभर शिल्लक होती. पण कागदावर भाचा नव्हता. त्या गाडीत सातही सीट विजेवर हलतात, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या हाती असं बटण लागलं की त्याला जगात दुसरं काही दिसत नाही. त्याने मधली रांग माझ्याकडे सरकवली. विजेवर सरकणारी सीट झटका देत नाही. ती सावकाश येते, माणसाला विचार करायला पुरेसा वेळ देते. मी सगळा विचार केला. मग ओरडलो. बायको पुढून म्हणाली, "काय झालं? एवढी मोठी गाडी आहे."

तिसरी रांग कुठल्याही कंपनीची असो, तिचं एक दुखणं आहे आणि ते भूमितीचं आहे. त्या सीटखाली मागचा आस, सस्पेन्शन, चाकं हलायची जागा असं सगळं असतं, म्हणून तिथली जमीन उंच घ्यावी लागते. छप्पर मात्र उंच करता येत नाही. मग सीट जमिनीलगत येते, गुडघे कमरेच्या वर जातात, मांडी अधांतरी राहते आणि देहाचा सगळा भार एकाच ठिकाणी पडतो, ज्याचं नाव सासुरवाडीच्या माणसांत घेता येत नाही. शिवाय आपण मागच्या चाकांच्या जवळजवळ डोक्यावर. खड्डा आला की पुढच्यांना "अरे, खड्डा होता वाटतं," एवढं समजतं. मागच्याला तो खड्डा तपशिलवार समजतो. आणि मान वळवून खिडकीबाहेर बघितलं नाही तर कान सांगतात आपण हलतोय, डोळ्यांना समोर हलणारं काही दिसत नाही. या दोघांच्या भांडणात पोट मध्ये पडतं. त्यावर जगात दोनच उपाय आहेत, पुढे बसणं किंवा आवळासुपारी. माझ्याकडे आवळासुपारी होती.

निघालो. ३६७ आणि ३४०, म्हणजे एकूण ७०७ घोडे हडपसरच्या गर्दीत शिरले आणि उभे राहिले. शेजारी हातगाडीवर केळी विकणारा आमच्या पुढे निघून गेला. शून्यावरून शंभरावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. शून्य हीच त्या रस्त्याची गती होती. याच थांबण्यात सासूबाई एकाएकी ताठ झाल्या. "अगं, सीट ओली आहे का? मला खालून गार लागतंय." थोरल्यांनी कौतुकाने समजावलं की सीटच्या चामड्याला बारीक छिद्रं आहेत, आत पंखे आहेत, त्यातून वारा खेळतो. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि पदर आवळून बसल्या. "बाईमाणसाच्या सीटखाली पंखा! बंद करा आधी."

यवत गेलं, दौंडचा फाटा गेला. पुढे ऊस सुरू झाला. गळिताचा हंगाम होता आणि कारखान्यांकडे निघालेले ट्रॅक्टर रस्ता व्यापून होते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर पाव आभाळ झाकेल इतका ऊस, आणि दिव्यांपेक्षा मोठे स्पीकर. आमची गाडी त्याच्यामागे लागली. ट्रॅक्टरला असतील पन्नास-एक घोडे. पण त्या पन्नासांनी आमच्या सातशेंना पाच-सहा किलोमीटर आपल्या गाण्यावर चालवलं. धाकट्यांनी मागून दिवे दाखवले. ऑडीचे दिवे फार नामांकित आहेत. ट्रॅक्टरवाल्याने आरशात पाहून आवाज वाढवला.

टोलनाक्यावर मात्र दोन्ही साडूंचे चेहरे उजळले. आधी वाटलं, गाडीकडे लोक बघताहेत म्हणून. पण नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रीय महामार्गांवर खासगी गाड्यांना ३,००० रुपयांत वर्षभराचा, नाही तर २०० फेऱ्यांचा पास सुरू झाला, तो दोघांनी पहिल्याच दिवशी काढला होता. पाटसला फाटक वर गेलं की थोरले "वाचले!" म्हणायचे. सरडेवाडीला पुन्हा "वाचले!" सव्वादोन कोटींच्या आसपास घालून घेतलेल्या दोन गाड्यांनी मिळून दुपारपर्यंत कित्येक रुपये वाचवले. टोलच्या खिडकीला गाडीच्या चामड्याशी देणंघेणं नसतं. जीप, कार, व्हॅन एकाच रांगेतली. माझी 'ती पण' आली असती तरी तेवढेच लागले असते. हे ऐकून थोरले थोडे गप्प झाले.

मोहोळला मामा चढणार होते. सासूबाईंचे धाकटे भाऊ, ज्वारी-कांद्याचे शेतकरी. डिझेल भरायला गाडी पंपावर घेतली, तिथेच ते उभे होते. त्यांनी दोन्ही गाड्यांना एक प्रदक्षिणा घातली आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक पुरुषाने प्रत्येक गाडीला विचारलेला प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती देती?"

थोरल्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. नव्वद लिटरच्या टाकीचं झाकण उघडलेलं होतं. मामांना डिझेलच्या तोंडाशेजारी एक निळं टोपण दिसलं.

"पाव्हणं, ह्ये निळं कशाचं?"

"ॲडब्लू," थोरले म्हणाले.

"म्हंजे?"

थोरल्यांनी सांगितलं, आणि त्या क्षणी तीन लिटरचं इंजिन, ७५० चा टॉर्क, सगळं मामांच्या लेखी मागे पडलं. ॲडब्लू म्हणजे शुद्ध केलेल्या पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया. डिझेलच्या धुरात नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड असतात. या पाण्याची फवारणी गरम धुरात केली की युरियापासून अमोनिया होतो, तो त्या ऑक्साइडांना गाठतो आणि शेवटी निरुपद्रवी नायट्रोजन आणि वाफ बाहेर पडते.

"युरिया?" मामा म्हणाले. "आवो, आमाला एक पोतं घ्यायचं तर दुकानात आधार कार्ड, त्या मशिनीवर अंगठा. अंगठा उठला न्हाई तर परत या. पंचेचाळीस किलोचं पोतं, दोनशे सहासष्ट रुपये पन्नास पैसे, त्येबी आलं तर आलं. आन् ही बया नुसती धुरात उडवती?"

"मामा, तो वेगळा युरिया. शेतातला चालत नाही. यंत्र बिघडतं."

"चालत न्हाई म्हंजे? कांद्याला चालतो, हिला न्हाई चालत?" मामांनी गाडीकडे असं पाहिलं की मला गाडीची दया आली. "पिकाला घातला तर नायट्रोजन मातीत राहतो. ही सोडती आभाळात. बरं, पीक काय येतंय मग हिच्यातनं?"

याला थोरल्यांकडे उत्तर नव्हतं. धाकटे पुढे सरसावले. "मामा, आपली पेट्रोल आहे. युरिया-बिरिया काही नाही." मामा वळले आणि निमूट ऑडीत जाऊन बसले. दीडशे मर्सिडीजचा मुद्दा जे करू शकला नव्हता, ते खताच्या टंचाईने केलं.

सोलापूर ओलांडून घाट चढला की तुळजापूर. आदल्या दिवसापर्यंत बालाघाटाच्या या चढावर कुणाची गाडी सरस ठरते हे बघायचं ठरलं होतं, पण सासूबाईंनी "देवीच्या दारी शर्यत लावायची नाही," म्हणून दम दिला आणि दोन्ही गाड्या एसटीमागे शहाण्यासारख्या वर आल्या.

गाडीपूजा झाली. हळदकुंकू, हार, नारळ, आणि चाकाखाली लिंबू. इथे जीएलएसने अनपेक्षित बाजी मारली. तिच्या कॅमेऱ्यांत अशी सोय आहे की पुढचं बॉनेट पारदर्शक असावं तसं, गाडीच्या नाकाखालचं सगळं पडद्यावर दिसतं. दगडधोंड्यांतून, चिखलातून वाट काढताना चाक कुठे पडतंय ते कळावं म्हणून ती बनवली. थोरल्यांनी ती तुळजापुरात लावली. पडद्यावर पिवळं लिंबू. चाक. लिंबू. "डावीकडे घ्या, अजून जरासं, बास!" असं ओरडायला नेहमी चार माणसं लागतात; इथे कुणीच लागलं नाही आणि लिंबू बरोबर मधोमध चेपलं गेलं. पुजारी दोन पावलं मागे सरकले. धाकट्यांचं लिंबू पहिल्या खेपेला सटकलं आणि त्यांना मामांनी ओरडून दुसरं लावून दिलं. परतीच्या सबंध वाटेत धाकटे लिंबाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

रांगेत उभं असताना सासूबाई देवीच्या पलंगाबद्दल सांगत होत्या. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर झोपते. नवरात्राआधी, दसऱ्यानंतर आणि पौषात. दसऱ्याला पालखी येते बुऱ्हाणनगरहून, पलंग घोडेगावहून, आणि हा पलंग माणसं पायी वाहून आणतात. कितीतरी गावं वाटेत त्याचं दर्शन घेतात. "पलंग आला की त्याला कुणी लांबी-रुंदी विचारत नाही," सासूबाई म्हणाल्या. दोन्ही जावयांकडे न बघता.

परतीला मी ऑडीत. मोहोळला मामांना सोडलं, तिथे त्यांनी दोन पोती मालदांडी ज्वारी काढली. एक-एक दोन्ही गाड्यांना, बहिणीच्या लेकींत भेद नको म्हणून. मधल्या लेकीचं पोतं कुठे, असं कुणी विचारलं नाही. डिकीत सामान होतं, तेव्हा धाकट्यांच्या वाट्याचं पोतं तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं. मामांनी त्याला पट्टा लावला. "सांडाया नको." मला पट्टा लावायला कुणी आलं नाही.

आदल्या रात्रीचे ते सव्वापाच इंच कुठे कमी झाले, हे इथे मला उमगलं. गाडी आखूड करायची तर ती कुणाच्या तरी गुडघ्यांतून आखूड होते, आणि मागे बसलेल्याचे गुडघे सर्वांत स्वस्त. ही गाडी मूळ कल्पनेतच मधल्या रांगेची आहे. त्या रांगेत तीन स्वतंत्र सीट, प्रत्येक पुढे-मागे सरकते, पाठ कलते, आणि तिथे बसलेली माझी बायको मोहोळपासून टेंभुर्णीपर्यंत गाढ झोपली होती. चालही गुळगुळीत, पेट्रोलचं इंजिन असल्यामुळे आवाज असा जवळजवळ नाहीच. माझ्याबरोबर ज्वारीलाही डुलकी लागली. वळणावर ती माझ्या खांद्यावर कलायची. तिला लोड नव्हते.

भिगवणला उजनीच्या पाण्यातले मासे खायला थांबणं हा या रस्त्याचा धर्म. दर्शन झालंय, आता खा, असा सासूबाईंनी निवाडा दिला आणि स्वतः दशमीचा डबा उघडला. तळलेली चिलापी आली. दोन घास जातात न जातात तोच दोन्ही साडूंनी माझ्याकडे पाहिलं.

"बोला, पंच."

मी खरं ते सांगितलं. मागे बसायचं असेल तर मर्सिडीज. पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न तिथे निदान सुटण्यासारखा आहे. मध्ये बसायचं असेल तर ऑडी. आणि सासूबाईंना कुठेही बसवा, त्या मांडी घालतील.

दोघांचेही चेहरे पडले. मग लक्षात आलं की हे त्यांना ऐकायचंच नव्हतं. दोघेही आपापल्या गाडीच्या मागच्या रांगेत कधी बसले नव्हते, मधल्या रांगेतही नाही.

"ते ठीक आहे," थोरले म्हणाले. "पण चालवायला?"

"हो ना, चालवायला कशी वाटली?" धाकटे.

"चालवायला मला कुणी दिलीच नाही," मी म्हणालो.

चिलापीचे काटे काढणं एकदम महत्त्वाचं काम झालं. सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "पुढच्या वर्षी माहूरला जायचंय," त्या म्हणाल्या. "या दोन गाड्यांत मला निम्मी माणसं दिसत नाहीत. एकच मोठी गाडी करा. सगळे एकत्र."

दोन्ही साडूंच्या डोळ्यांत पुन्हा तेज आलं. "अर्बानिया," थोरले ताबडतोब म्हणाले. "सतरा सीटची येते."

"विंगर बघा की, साडूभाऊ. पुशबॅक सीट." धाकट्यांनी हात न धुताच मोबाइल काढला. "थांबा, लांबी सांगतो."

"आणि ती मधले जावई चालवतील," सासूबाई म्हणाल्या.

"पण आई, त्यांना एवढ्या मोठ्या गाडीची सवय कुठे आहे?"

"मग करा की सवय. इथून पुण्यापर्यंत द्या त्यांना चालवायला. कुणाची देताय?"

भिगवण ते पुणे शंभरएक किलोमीटर आहे. दोन्ही साडूंनी एकाच वेळी हात वर करून वेटरकडे बिल मागितलं.